वर्गाच्या दाराला बाहेरून कडी असावी का? (नाशिक, शाळांची सुरक्षा)

अबोली_नाशिक (धागाकर्ती)

माझा मुलगा तिसरीत आहे. शाळा गंगापूर रोडच्या बाजूची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एकट्या शाळेचा प्रश्न नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची घटना (शाळेतच चिमुकल्या मुलींवर अत्याचार) झाली तेव्हा आमच्या पालकसभेत सगळ्यांनी आवाज चढवून शाळेला जाब विचारला होता. मीही त्यात होते. मग कॅमेरे बसले, गेटवर नोंदवही आली आणि प्रत्येक वर्गाच्या दाराला बाहेरून नवा जाडजूड आल्ड्रॉप (आडवा सरकवायचा लोखंडी दांडा) बसला. आतली जुनी कडी होती तशीच राहिली. तेव्हा आम्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं.

गेल्या पंधरवड्यात सकाळी आमच्या भागात बिबट्या दिसल्याचा मेसेज फिरला. शाळा भरलेली होती. मुलांना वर्गात घ्या, दारं बंद करा, अशी सूचना आली. मजल्यावरच्या मावशींनी भराभर सगळ्या वर्गांचे आल्ड्रॉप बाहेरून लावले आणि त्यांना गेटवर बोलावलं म्हणून त्या खाली गेल्या. आमच्या वर्गात बाई आणि ५२ मुलं. दहा मिनिटांत एका मुलीला दम लागला. तिचा दम्याचा पंप ऑफिसच्या कपाटात. बाईंचा फोन स्टाफरूममध्ये, कारण वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम. खिडक्यांना ग्रिल. बाईंनी दार वाजवलं, हाका मारल्या. शेजारचे वर्गही तसेच बंद, मग दार उघडायला येणार कोण? मावशी वर आल्या तेव्हा आल्ड्रॉपचा दांडा कोयंड्यात अडकून बसला, कारण पावसाने चौकट फुगली होती. शेवटी वॉचमनकाकांनी दगडाने ठोकून तो सरकवला. सगळं मिळून जवळजवळ वीस मिनिटं गेली.

मुलगी आता ठीक आहे. त्या दिवशी शाळेत बिबट्या आलाच नव्हता.

रात्री जेवताना माझा मुलगा म्हणाला, "आई, बाई दार ओढत होत्या आणि आम्हाला सांगत होत्या, गाणं म्हणा, मोठ्यानं म्हणा." त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस मिनिटं दम्याऐवजी धूर असता तर?

दार बंद ठेवायला हवं हे मला मान्य आहे. पण ते बाहेरून बंद करून मुलांना आत ठेवायचं, हे योग्य आहे का? शाळेला लेखी काय द्यावं? जाणकारांनी सांगा.

सिडकोवासी

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधात लिहितोय. आल्ड्रॉप काढायला लावू नका.

बिबट्याला अफवा म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगरात भर वस्तीत बिबट्या शिरला होता, तीन-चार माणसं जखमी झाली होती. उसाच्या शेतातून आणि नदीकाठाने ते येतात हे आपल्याला माहीत आहे. अशा वेळी पहिलीची ५० मुलं एका बाईंनी कशी आवरायची? एक मूल 'बघू तरी' म्हणून बाहेर पळालं तर? माझा मुलगा बालवाडीत असताना मधल्या सुट्टीत गेटबाहेर निघून गेला होता, एका रिक्षावाल्या दादाने परत आणून सोडला. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. मला दार बंदच हवं.

माजी_अग्निशामक

अग्निशमन दलातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. सिडकोवासी, तुमची भीती खरी आहे, तिला खोटं म्हणणार नाही. पण दार बंद असणं आणि माणूस कोंडलेला असणं यात फरक आहे, तो सांगतो.

धुरात माणूस कडी डोळ्यांनी शोधत नाही, हातानं शोधतो. आणि तो हात कमरेच्या उंचीवर चाचपडत राहतो, कारण वर धूर दाट असल्याने माणूस वाकलेला असतो. दाराच्या वरच्या टोकाला बसवलेली कडी त्याला सापडत नाही. मूल तर दाराच्या फटीकडे, जमिनीलगत जातं. म्हणून कुठल्याही वर्गात गेलो की मी एकच गोष्ट बघायचो. वर्गातलं सगळ्यांत बुटकं मूल एका हातानं, एकदाच दाबून किंवा ओढून हे दार उघडू शकतं का? दोन कड्या असतील, आधी वर आणि मग खाली, तर ते दार माझ्या लेखी नापास.

बाहेरचा आल्ड्रॉप तर आतल्या कोणालाच उघडता येत नाही, बाईंनाही नाही. राष्ट्रीय इमारत संहितेच्या (२०१६) भाग ४ मध्ये हे साफ लिहिलंय की बाहेर पडायचं दार, ज्या बाजूनं माणसं बाहेर पडणार त्या बाजूनं, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. त्यातच असंही आहे की ४५ पेक्षा जास्त जण बसतील अशा शाळेच्या खोलीला किमान दोन दारं हवीत. ताई, तुमच्या वर्गात ५२ मुलं आहेत. दारं किती?

अबोली_नाशिक

एकच. दुसरं होतं, पण त्याच्यासमोर कपाट ठेवलंय.

माजी_अग्निशामक

मग आल्ड्रॉपच्या आधी ते कपाट हलवा. त्याला पैसे लागत नाहीत.

१६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमला एका शाळेत ९४ मुलं गेली. स्वयंपाकाच्या जागेतून आग, वर गवताचं छप्पर आणि खाली उतरायला अरुंद जिना. त्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला की सुरक्षित शाळेत शिकणं हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. शाळेला लेखी देताना हे लिहा. शिवाय महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. शाळेकडे त्याची प्रत मागा. मात्र त्यात पंप, नळ, सिलिंडर यांचीच हमी असते. वर्गाची कडी कुठे आहे ते तुम्हालाच जाऊन बघावं लागेल.

बाई_सहावी_ब

मी २२ वर्षं शिकवते आहे. आतल्या कडीबद्दल इथे कोणीच बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

आतून लागणारी आणि बाहेरून अजिबात न उघडणारी कडी मला आल्ड्रॉपइतकीच धोक्याची वाटते. एकदा मधल्या सुट्टीत आमच्या दोन मुलांनी भांडून तिसऱ्याला वर्गात ओढलं आणि आतून कडी घातली. आम्ही चार शिक्षक बाहेर उभे, आत मारामारी चाललेली, आणि दार उघडेना. त्याहून वाईट प्रसंग कोणता असू शकतो ते बदलापूरनंतर वेगळं सांगायला नको. एखादा मोठा माणूस मुलाला घेऊन आत शिरला आणि त्याने कडी घातली तर? त्या खोलीत बाहेरच्या माणसाला लगेच शिरता आलं पाहिजे. म्हणून आतून सहज उघडणारं आणि बाहेरून किल्लीने नक्की उघडणारं, अशा दोन्ही गोष्टी लागतात. आणि दाराला उभी काचेची पट्टी हवी, जाता-येता आतलं दिसेल अशी. आमच्या शाळेत ती बसवल्यापासून मला स्वतःला जास्त निर्धास्त वाटतं.

पेठ-दिंडोरीकडे अधूनमधून भूकंपाचे धक्के जाणवतात. माझी पहिली नोकरी तिकडचीच. धक्क्याने चौकट वाकली की साधी कडीही बसत-निघत नाही. तिथल्या हेडसरांनी तास चालू असताना सगळ्या वर्गांची दारं नुसती लोटलेली ठेवायला सांगितली होती.

आणि अबोलीताई, फोनचा नियम बदलायला लावा. फोन नको असेल तर वर्गात बेलचं एक बटण तरी हवं.

दूरदेशी

मी मूळची पंचवटीची, आता अमेरिकेत एका शाळेत मदतनीस म्हणून काम करते. इथे हा वाद फार जुना आहे, आणि कारण बिबट्यापेक्षा भयंकर. बंदूकधारी माणूस.

२०१२ मध्ये सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारानंतर पालकांनी दाराला लावायचे अडसर विकत घेऊन शाळांना द्यायला सुरुवात केली. लोखंडी दांडे, पट्टे, जमिनीत घुसणाऱ्या खुंट्या. अग्निशमनवाले म्हणाले, हे नको. आग लागली तर मुलं हे काढणार कशी, आणि हल्लेखोरच आत असला तर पोलिस शिरणार कसे? ही भीती कल्पनेतली नव्हती. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात हल्लेखोरानेच इमारतीची दारं आतून साखळीने बांधली होती.

आमच्या शाळेतलं कुलूप असं आहे. बाई आतूनच किल्ली फिरवतात आणि बाहेरची मूठ निकामी होते. आतली मूठ मात्र कधीही, कशीही, एकदा दाबली की दार उघडतं. किल्ली कुठेही फिरवलेली असो.

पण चांगलं कुलूप बसवून भागत नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या उवाल्डीला शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दाराला कुलूप आहे असं धरून पोलिस किल्ल्या शोधत राहिले, ७७ मिनिटं गेली. नंतर चौकशीत निघालं की ते दार बहुधा कुलूपबंद नव्हतंच. त्याचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत आधीपासून माहीत होतं. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक दार हाताने उघडून-लावून बघणारं कोणीतरी नेमा. आणि इथल्या कवायती जशाच्या तशा तिकडे नेऊ नका. आमच्याकडे लहान मुलं अंधारात गप्प बसायचा सराव करतात, त्याने त्यांच्या मनावर काय होतं ते मी रोज बघते.

रामशेज

अंबडला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दारं-खिडक्या, ग्रिल, गेट. शाळांची कामं पुष्कळ केलीत, आणि खरं सांगतो, असे आल्ड्रॉप मीही बसवलेत. गिऱ्हाईक सांगेल ते केलं. या धाग्यानंतर शाळेच्या वर्गाला बसवणार नाही.

दूरदेशीताई म्हणतात ते कुलूप समजायला सोपं आहे. हॉटेलच्या खोलीचं दार आठवा. बाहेरच्याला कार्ड किंवा किल्ली लागते, आतला माणूस नुसता हँडल दाबून बाहेर येतो. वर्गाला तेच पाहिजे. नव्या फ्लश डोअरला (सपाट, एका फळीच्या दाराला) ते सहज बसतं. अडचण जुन्या शाळांची आहे. तिथे दोन फळ्यांची सागवानी दारं, पावसाळ्यात फुगणारी. त्यात मॉर्टाइज लॉक (फळीच्या जाडीत बसणारं कुलूप) बसवायला खाच पाडली की फळी कमजोर होते. अशा दाराची एक फळी वर-खाली टॉवर बोल्टने (सरकत्या कडीने) कायमची अडकवून ठेवतात, म्हणजे निम्मंच दार वापरात. मुलं बाहेर पडताना तिथेच गर्दी होते. दोन्ही फळ्या चालू ठेवायच्या असतील तर आत आडवा दांडा बसवा, पॅनिक बार म्हणतात त्याला. सिनेमागृहाच्या दाराला असतो. अंगाने ढकलला तरी दार उघडतं. पण दार बाहेर उघडणारं पाहिजे, आणि आपल्याकडे बहुतेक वर्गांची दारं आत उघडतात. ५० मुलं दाराशी जमली की आत उघडणारं दार उघडतच नाही, कारण दार आणि बाई यांच्यामध्ये मुलंच असतात.

कोणी स्वस्तात नाईट लॅच (दार लोटलं की आपोआप लागणारं कुलूप) सुचवेल. बघून घ्या. काही लॅच असे असतात की बाहेरून किल्ली दोनदा फिरवली की आतला नॉब गोठतो. म्हणजे परत कोंडलेच. दुकानात उभं राहून हातात घ्या, बाहेरून दोनदा किल्ली फिरवा आणि आतला नॉब फिरतो का बघा. आणि कार्डवाली, बोटाच्या ठशाची मॅग्नेटिक कुलपं कोणी आणली तर पहिला प्रश्न हाच विचारा की लाईट गेल्यावर दार उघडतं की बंद राहतं? उघडलं पाहिजे.

शाळा म्हणेल, रात्री बाकं-कॉम्प्युटर सांभाळायला आल्ड्रॉप हवाच. रात्रीचं कुलूप किल्लीचंच असू द्या, ते बाहेरून लागेल आणि आतून तरी उघडेल. दिवसा लावायला मोकळी अशी कडी बाहेरच्या बाजूला ठेवूच नका. असली की कोणीतरी लावणारच.

माजी_अग्निशामक

रामशेज, शेवटची दोन वाक्यं प्रत्येक मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवण्यासारखी आहेत.

रात्रीच्या बंदोबस्तावरून एक आठवलं. पुष्कळ शाळा प्रत्येक वर्गाऐवजी जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट लावतात. रात्री ठीक. पण दिवसा पुढच्या जिन्याचं गेट उघडतात आणि मागच्याचं साखळी-कुलूप तसंच ठेवतात. का, तर मुलं मागून गच्चीवर जातात. मी असे जिने पाहिलेत जिथे पायऱ्यांवर जुनी बाकं आणि रंगाचे डबे भरलेले होते. आणि पुढच्या जिन्याखाली असतं विजेचं मीटर बोर्ड. आग तिथेच लागली तर? वर्गाचं दार कितीही छान असू दे, मुलं व्हरांड्यात येऊन थांबतील. अबोलीताई, तुम्ही एकदा वर्गापासून मैदानापर्यंत स्वतः चालत जा. मागच्या जिन्यानं. वाटेत जे जे हातानं सरकवावं लागेल ते लिहून काढा.

द्राक्षवेल

माझी मुलगी व्हीलचेअरवर आहे. दोनच गोष्टी. गोल नॉब नको, लिव्हरवालं हँडल हवं, कारण तिची बोटं आवळत नाहीत पण ती कोपराने दाबू शकते. आणि दाराला उंबरठा नको. बाकी सगळी मुलं निघून गेल्यावर तिला कोण नेणार, त्या माणसाचं नाव आधीच ठरलेलं हवं. आमच्या शाळेत ते मी भांडून लिहून घेतलंय.

प्रवासी_नाशिकरोड

शाळांचं चाललंय, पण क्लासेसचं कोण बघणार? मे २०१९ मध्ये सुरतेला वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये आग लागून २२ मुलं-मुली गेली, कित्येकांनी खाली उड्या मारल्या. कॉलेज रोडला माझी मुलगी ज्या क्लासला जाते तिथे तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार, त्याला आत शिरताना ठसा लावायचा आणि बाहेर पडतानाही ठसा लावायचा. आज संध्याकाळी जाऊन विचारतो.

सिडकोवासी

सगळं दोनदा वाचलं. आत कोंडण्याबद्दलचं माझं मत बदललं, हे मान्य करतो. हॉटेलच्या दाराचं उदाहरण लगेच पटलं. बिबट्यालाही बाहेरून हँडल उघडायचं नाही, म्हणजे लॅच पडलं की काम झालं.

पण बालवाडीचं अजून अडतंय. चार वर्षांच्या मुलाला एका हाताने उघडणारं दार म्हणजे ते मूल बाहेर जाणारच. त्याचं काय?

बाई_सहावी_ब

तुमचा प्रश्न योग्यच आहे, दादा. आमच्या बालवाडीत दारापाशी घुंगरांची पट्टी टांगली आहे, दार हललं की वाजते. आणि वर्गाच्या बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला कमरेइतकं फाटक आहे. त्याची खिट्टी पलीकडच्या बाजूने आहे. मुलाचा हात पोचत नाही, मोठं माणूस वरून हात घालून उघडतं. म्हणजे मूल वर्गातून निघालं तरी फाटकाशी थांबतं आणि कोणालाही दिसतं. पण बालवाडीत दर वर्गाला बाईंसोबत एक मावशी असलीच पाहिजे. एकट्या बाईंवर हे टाकू नये. मावशी कमी केल्या की मग कड्या वाढतात, हे मी स्वतः पाहिलंय.

सिडकोवासी

आगीत ते फाटक आड येणार नाही?

माजी_अग्निशामक

येऊ शकतं. म्हणून ते बाहेर जायच्या दिशेनेच उघडणारं हवं आणि आग लागल्यावर ते उघडून धरायचं काम एका ठराविक व्यक्तीचं हवं. कवायतीत तेच आधी करून घ्यायचं. कुलूप त्याला कधीच नाही. हा उपाय शंभर टक्के नाही, पण कोंडलेल्या वर्गापेक्षा पुष्कळ बरा. आणि बिबट्यासाठी वनखात्याचा १९२६, बाकी सगळ्याला ११२, आगीला १०१ हे नंबर मावशींनाही पाठ हवेत.

अबोली_नाशिक

उशिरा लिहितेय. काल शाळेत गेले होते, सोबत आणखी चार पालक. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवसाचं त्यांनाही लागलेलं दिसलं. त्यांनी सांगितलं की आल्ड्रॉप आम्हीच मागितले होते. ते खरं आहे.

अग्निशामक काकांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या जिन्याने चालत गेले. वर्गापुढचं कपाट, चॅनल गेटची साखळी, दोन पायऱ्यांवर रद्दीचे गठ्ठे, मैदानाच्या दाराला गंजलेली कडी. चार ठिकाणी हात लावावा लागला आणि साखळीची किल्ली कोणाकडे आहे ते विचारायला तीन माणसं लागली. शेवटी ती घंटेच्या खोलीत खिळ्याला टांगलेली सापडली.

कपाट कालच हललं. आमच्या मजल्यावरच्या सहा वर्गांचे आल्ड्रॉप आज सकाळी निघाले, दारावर फक्त स्क्रूची भोकं उरलीत. मुलीचा पंप आता बाईंच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. फॉर्म बी ची प्रत सोमवारी दाखवतो म्हणालेत. नवीन कुलपांना संस्थेची मंजुरी लागेल, त्यासाठी शनिवारी ११ वाजता सभा आहे. काही पालक अजून बिबट्याचा मुद्दा घेऊन बसलेत, त्यांना कागदावर समजावणं अवघड जाणार आहे.

रामशेजदादा, तुमच्याकडचं ते हॉटेलसारखं कुलूप घेऊन येऊ शकाल का?

रामशेज

येतो. फळीच्या तुकड्याला बसवूनच आणतो, म्हणजे बाहेरून किल्ली फिरवून आतून दाबून बघता येईल. तुमच्या मुलालाही आणा, सगळ्यांत आधी त्याच्या हातात देऊ.